विकायची भाकरी

आमच्या लातूरकडच्या गावात लोकांना मोठं नवल वाटतं. दोघे भाऊ, वाटणीला रान सारखंच, तरी धाकट्याचं पुण्याजवळ मोशीत बस्तान बसलं आणि थोरल्याचं छप्पर अजून गळतंच कसं? म्हणतात, नशीब. नशीब कसलं डोंबलाचं! माझ्या नवऱ्याचा कंपनीतला पगार खोलीभाड्यात आणि किराण्यात संपायचा. मी इथल्या कंपन्यांत कामाला आलेल्या आमच्याकडच्या पोरांना ज्वारीच्या भाकरीचे डबे द्यायला लागले, तेव्हा कुठे घर वर आलं.

खरं तर भाकरी करावी माझ्या थोरल्या जावेनं. पातळ, पापुद्रा टम्म फुगलेला. पण आमच्यात अन्न विकणं कमीपणाचं, आणि थोरले दीर तर त्या बाबतीत फार कडक. गेल्या वर्षी माझं मनगट मोडलं, म्हणून महिनाभरासाठी त्यांनी तिला घरकामाच्या मदतीला पाठवलं. पोरांनी पहिल्याच दिवशी माझ्या भाकरीला नावं ठेवली, मेल्यांनी! गिऱ्हाईक वाढलं. जाऊ तव्यापुढे गुणगुणायला लागली. मनगट बरं झालं तरी मी फडकं बांधूनच हिंडत होते.

शेवटी दीर तिला न्यायला आले आणि दारातच बसले. फर्स्ट शिफ्ट सुटून पोरं डबे न्यायला आली. दिरांनी एकेकाला गाव विचारलं, पाव्हणे विचारले, आग्रह करकरून जेवायला बसवलं. पैसे काढणाऱ्याचा हात धरून म्हणाले, घरच्या जेवणाचे कुठं पैसे असतात होय! पोरांनीही मग लाज धरली नाही. पुढच्या शिफ्टच्या डब्यांना टोपल्यात चतकोर उरला नाही. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना.

जावेनं पिठाचे हात धुतले. नवऱ्यापुढे कधी शब्द न काढलेली बाई ती.

"आवो, तुमी दुसऱ्याच्या रानात फुकट राबता का? मग माझंच राबणं फुकट का? मी न्हाई येत गावाला."

 दीर सकाळच्या एसटीनं एकटेच गेले. त्या दिवशी जावेची एक भाकरी धड झाली नाही. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता; तिचा संसार मोडला तर गाव मलाच बोल लावणार होतं.

आठवड्यानं दारात रिक्षा थांबली. आधी गावाकडं राहिलेली तिची दोन्ही लेकरं उतरली, मग ज्वारीचं पोतं घेऊन दीर. त्यांनी पोतं तिच्यापुढे टेकवलं.

"आपल्या रानातली हाय," म्हणाले. "बाजारभावानं घे."