भिंतीकडे तोंड करून बसणारे आबा

सभा घेतल्याशिवाय आमचे आबा शिंकतसुद्धा नसत, असं मी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती फार तर शिंकेपुरतीच आहे. आबा म्हणजे माझे चुलत सासरे, धुळ्याजवळच्या आमच्या एकत्र घराचे कारभारी. संध्याकाळी भरीत करायचं की शेवभाजी, एवढ्यासाठीही भर दुपारी ओसरीवर नऊ माणसं गोळा व्हायची. सर्वांत धाकट्याने आधी बोलायचं, आबांनी सर्वांत शेवटी, हा नियम. एकदा चार वर्षांच्या पुतणीला पहिला मान मिळाला. तिने जिलबी सुचवली, कुणाला मोडता घालवेना, आणि आम्ही सगळे भरताबरोबर मुकाट्याने जिलबी जेवलो.

दुसरं खूळ म्हणजे सभा चालू असेपर्यंत आबा भिंतीकडे तोंड करून बसत. त्याला कारण आमची म्हैस. ती घ्यायची ठरली तेव्हा आबांचा खुललेला चेहरा बघून सगळ्यांनी भराभर माना डोलावल्या. म्हशीने पहिल्याच दिवशी आबांना बादलीसकट उडवलं, आणि जो तो म्हणू लागला, "मला आधीच शंका होती!" आबा कंबर धरून कळवळले, "मंग तवय काबर नही बोलनात रे?" त्या दिवसापासून त्यांनी आपला चेहराच सभेतून काढून घेतला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं आणि जळगावला डी.एड.ला माझा नंबर लागला. दोन वर्षं वसतिगृहात राहायचं होतं. आमच्या गावात तोवर कुणाची सून अशी परगावी शिकायला गेली नव्हती. सभा बसली. पुतणी झोपलेली, त्यामुळे धाकटी मीच.

"तुम्ही म्हणाल तसं," मी पुटपुटले.

भिंतीकडून आवाज आला, "हाई काय उत्तर शे? नीट सांग."

"मला जायचंय," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. मग माझे यजमान हो म्हणाले. जाऊबाई म्हणाल्या, "जाऊ दा तिले. भाकरी मी टाकसू." एकेक करत सगळे बोलले. सासूबाईंनी बराच वेळ पदराशी चाळा केला, पण त्यांचंही हो आलं.

तेव्हा आबा वळले. चेहरा पार उतरलेला. "मन्हं मत 'नको' शे," ते म्हणाले. "पन बठ्ठास्नी हो म्हनं. आते तिले जाऊ दा."

सगळे हो म्हणाले, म्हणून मी जाणार होते. तो चेहरा आधी दिसला असता तर घरातलं एकही माणूस हो म्हणालं नसतं. मीसुद्धा नाही.

आबांचं मत पुढेही बदललं नाही. दर सुट्टीत विचारायचे, "आते तरी पुरं का, पोरी?" आणि सुट्टी संपली की माझी ट्रंक खांद्यावर घेऊन एसटी स्टँडकडे माझ्यापुढे चालू लागायचे. मी शाळेत बाई म्हणून नोकरीला लागले, त्यानंतर थोड्याच वर्षांत ते गेले. माझ्या बाजूने बोलणारी माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली. मी निघाले हे मनातून न पटताही माझी ट्रंक उचलणारं माणूस मात्र पुन्हा भेटलं नाही.