आमच्या हाडवैद्यबाई

एक्स-रे न पाहता हाडाच्या स्लाइडला हात लावणाऱ्याला आमच्या बाई माणसातच धरत नसत. "पत्रिका न बघता लग्न ठरवतेस का गं?" असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी, सगळ्या लॅबसमोर, अस्सल पुणेरी ठसक्यात विचारलं. ख्राइस्टचर्चमध्ये मराठी कुणाला कळतंय म्हणा! माझा चेहरा मात्र सगळ्यांना कळला. आम्ही पॅथॉलॉजिस्ट, आणि बाईंचा हातखंडा हाडं, सांधे नि स्नायूंच्या गाठींत. म्हणून मी पाठीमागे त्यांना हाडवैद्यबाई म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

दुसरी खोड फोनची. तपासणीच्या तुकड्यासोबत आलेल्या डॉक्टरच्या कागदावर नुसतं 'गाठ' लिहिलेलं असलं की बाई थेट पेशंटच्या घरी फोन लावायच्या. "अगं, इथली माणसं पडली-झडली तरी डॉक्टरला सांगत नाहीत. विचारलं तर म्हणे, स्वीट ॲज! म्हणजे सगळं झकास!"

एकदा मेंढ्यांच्या फार्मवरच्या एका कॉलेजकन्येच्या मांडीतल्या गाठीचा तुकडा आला. सूक्ष्मदर्शकाखाली, काचेच्या स्लाइडवर पेशींचा नुसता धुडगूस. सगळ्यांना कॅन्सरच वाटला. उशीर झाला तर पोर हातची जाणार, घाई केली तर तिचा पाय. एक्स-रेवर अजून धड काहीच नव्हतं. बाईंनी फोन लावला. मुलीची आई आठवून म्हणाली, "हो, महिन्यापूर्वी मेंढ्याने धडक दिली होती. त्यात काय सांगायचं?"

बाई टुणकन उठल्या. "मार बसलेल्या स्नायूत हाड तयार होतंय. तेव्हा पेशी कॅन्सरचं सोंग घेतात. थांबा, आणि पुन्हा एक्स-रे काढा." सर्जन भडकला. बाई हटल्या नाहीत, पण त्यांचा डबा रोज भरलेलाच घरी जायला लागला. मी विचारलं तर म्हणाल्या, "चुकले तर त्या पोरीला काय तोंड दाखवू?"

नवा एक्स-रे आला. गाठीभोवती अंड्याच्या कवचासारखी हाडाची कड. बाहेर पक्की, आत मऊ. कॅन्सरची गाठ अशी वाढत नाही. बाईंनी मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकला.

बाई रिटायर झाल्या त्या दिवशी मी त्या मुलीला बोलावलं. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत आली, ताडमाड उंच, दोन्ही पायांवर धडधाकट. आमच्या धंद्यात पेशंट कधी भेटतच नाहीत. ती कोण ते मी सांगताच बाई पुढे झाल्या. मग तिचे गाल धरून, रडत-हसत, चक्क मराठीत म्हणाल्या, "काचेवर केवढीशी होतीस गं तू!"