चूलबंद आवतण

ताईच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी दुसऱ्याच्या पंक्तीत बसले की मला धड जेवता येत नाही. सारखं मांडवाच्या दाराकडे लक्ष जातं.

सत्तरच्या दशकातले दुष्काळाचे दिवस होते. लग्नात ठरावीक माणसांपलीकडे कुणाला धान्याचं जेवण वाढायचं नाही, असा सरकारी हुकूम होता. वडील नाशकात शाळामास्तर. सरकारचा शब्द त्यांच्या लेखी देवाचा. मी कॉलेजात होते आणि जीभ तिखट होती.

"गहू काकांच्या मळ्यातला, पातेली आपली. त्यात सरकारनं डोकवायचं कशाला?"

"धान्य सगळ्यांना पुरलं पाहिजे, बाळ."

"मग हीच माणसं आपापल्या घरी जेवली, तर ते वाचणार आहे का?"

त्यावर ते पेपर तपासायला बसले. मला अस्सा राग आला! अजूनही येतो.

घोळ केला तो काकांनी. सटाण्याकडे आमच्या गावात लग्नाचं आवतण माणसाला नसतं, चुलीला असतं. चूलबंद म्हटलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी लग्नघरीच जेवायचं. काकांना हुकूम ठाऊक होता. पण लोकांच्या उंबऱ्याशी उभं राहिल्यावर त्यांच्या तोंडून दुसरं काही निघेचना. पिढ्यान् पिढ्यांची सवय! अख्खी गल्ली ट्रकमध्ये बसून नाशकात लग्नाला आली.

आधी सातपूरचं वऱ्हाड जेवलं, त्यातच हुकुमातली माणसं संपली. वडील जेवणाच्या मांडवाच्या दारात जाऊन उभे राहिले. आईनं त्यांना न सांगता सगळ्यांपुरतं रांधून ठेवलं होतं. ती पुढे आली.

"अहो, चुली बंद ठेवून आलेत ते. वाढू द्या मला."

"नियम म्हणजे नियम," वडील म्हणाले. ते दारातून हलले नाहीत.

गल्लीतली माणसं हे ऐकत होती. त्यांच्यातले एक म्हातारबाबा उठले, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, आमले आज उपास शे."

मग सगळ्यांनाच उपास निघाले. कुणाचा सोमवार, कुणाचा शनिवार. वार होता बुधवार. एका पोरीनं भुकेचं नाव काढलं तशी तिच्या आईनं तिला पदराखाली ओढलं. सगळ्यांनी चहा घेतला, ताईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते ट्रकमध्ये चढले. मी आत जाऊन भांडी आपटत बसले. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी सगळं अन्न आंबलं. वरणाला फेस आला होता. धान्य वाचवायचा हुकूम आम्ही असा पाळला. आईनं त्या पातेल्यांना कुणालाही हात लावू दिला नाही, ती एकटीनं रिकामी केली आणि एकटीनंच घासली.

वडील पुढे कधी गावी गेले नाहीत. लोक बोलवत, ते शाळेचं निमित्त सांगत. मी वाद घालायचं सोडलं नाही, पण त्या दिवसाचा विषय मात्र मलाही काढवेना. कारण त्या दिवशी आमच्या मांडवात सरकारचा माणूस कुणी फिरकलासुद्धा नव्हता. दारात माझे वडील उभे होते.