तांब्याचा तांब्या घेऊन आलेली नणंद

माझी मोठी नणंद मानोऱ्याहून आमच्याकडे धनजला आठ दिवस राहायला आली, तेव्हा पिशवीत दोन लुगडी आणि एक भलामोठा तांब्याचा तांब्या होता. मानोऱ्यात ती सकाळच्या योगासनांच्या वर्गाला जायला लागली होती आणि पाणी कसं प्यावं ते तिथं शिकली होती. चहा व्हायच्या आत तिनं आम्हा नवराबायकोला समोर बसवलं.

"रातभर तांब्यात ठेवलेलं पानी पहाटं उठल्याबरोबर प्याचं. खाली बसून, घोट घोट. उभ्यानं नाई, गटागटा नाई, जेवतानी तर नाईच. अन् ते फ्रिजचं पानी आजपासून बंद."

आमचे हे तिच्या धाकात वाढलेले. त्यांनी मुकाट्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी गोठ्याकडे गेले, तर हे बोअरच्या धारेखाली तोंड धरून, उभ्या उभ्या, गटागटा पीत होते. मला पाहून दचकले.

"ताईले सांगू नको बरं."

"नाई सांगत. पन आज भांडे तुमी घासा."

त्यांनी घासली. नणंद कौतुकानं म्हणाली, "माहा भाऊ किती बदलला!"

मीही काही साव नव्हते. तिसऱ्या रात्री मी तांब्या भरायला विसरले. पहाटे ताई उठल्याची चाहूल लागली तशी मी घाईघाईनं माठातलं पाणी ओतून तांब्या पुढं केला. तिनं पाटावर बसून एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"पाह्य, आज तांब्याचा गुण उतरला. कालच्याहून गोड लागून राह्यलं."

मी पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाले. त्यानंतर रात्री तांब्या भरलाच नाही. रोज सकाळी ताजं पाणी, आणि रोज त्याचा गुण वाढलेला. सहाव्या दिवशी माठ रिकामा निघाला. मग फ्रिजमधल्या बाटलीत थोडं गरम पाणी मिसळलं. ताई म्हणाली, "आज तं गंगाच हाय!"

सातव्या दिवशी ती आमच्याबरोबर वावरात आली. सोयाबीनचं निंदण चाललं होतं. मी आणि मजुरीनं आलेल्या दोन बाया ओळीनं निंदत होतो आणि ताई धुऱ्याच्या बांधावर, बाभळीच्या सावलीत बसून आमच्याकडे बघत होती. दुपारी भाकरी सोडताना तिनं मला धरलं.

"तू सकायपासून पानी काहून नाई पेली?"

"पेली नं, ताई."

"लबाडी नको सांगू. मी पाहून राह्यलो. पान्याची कॅन जशीच्या तशी हाय. या दोघीबी नाई पेल्या."

त्या दोघींतली एक हसून बोलली, "पानी पेनं सोपं हाय, ताई. मंग जाचं कुठी?"

खरंच होतं ते. सोयाबीन गुडघ्याएवढं, चारी बाजूंनी वावरांत माणसं. आम्ही बाया सकाळी घरून घोटभर पिऊन निघायचो ते संध्याकाळी घरी आल्यावरच पुढचं पाणी. डोकं दुखायचं, लघवीला जळजळ व्हायची. आम्ही म्हणायचो, ऊन लागलं.

ताईनं भाकरी खाली ठेवली. कधी न सांगितलेलं तिनं तेव्हा सांगितलं. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तिथल्या संडासाला दार नव्हतं, म्हणून दिवसभर पाणी प्यायची नाही. एकदा बसस्टँडवर पोटात अशी कळ आली, की ती लोकांसमोर फरशीवर लोळली. मुतखडा निघाला.

"डॉक्टर म्हने, पानी पेत जा. तवापासून हे सारं शिकलो," ती म्हणाली.

मला फार लाज वाटली. मी जवळ सरकून सगळं सांगून टाकलं. रात्रीचं पाणी नव्हतं, रोज सकाळी माठातलं भरत होते.

तिनं विचारलं, "अन् कालची गंगा?"

"फ्रिजची."

तिनं मातीचं ढेकूळ उचलून माझ्या पाठीत घातलं आणि मग अशी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. "बयताड! तरीच दात शिवशिवले. पन जाऊ दे, पेली तं मी. तू तं तेबी नाई पेली."

तेवढ्यात हे बैलांना पाणी दाखवून आले. ताई त्यांच्याकडे वळली. "बोअरपाशी तू उभ्यानं पेतं ते मले दुसऱ्याच दिवशी दिसलं. आता उद्या एक काम कर."

दुसऱ्या दिवशी यांनी चार बांबू आणि गोठ्यातले जुने टिनपत्रे आणून वावराच्या कोपऱ्यात आडोसा केला. ताई कमरेवर हात ठेवून उभी होती. "दार पायजे. आतून कडी पायजे. बादली ठेव." कडी नीट बसेपर्यंत तिनं यांना जेवू दिलं नाही. मगच ती मानोऱ्याच्या गाडीत बसली.

आता शेजारच्या वावरातल्या बायाही आमच्याकडे येतात. पूर्वी संध्याकाळी जशीच्या तशी घरी परतणारी कॅन दुपारच्या आतच संपते आणि यांना गाडीवरून दुसऱ्यांदा आणावी लागते. परवा हे वैतागले.

"तुमी बाया पानी पेता का वावराले देता?"

एकीनं रिकामी कॅन त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "येतानी बर्फबी आना, भाऊ."