बाबांची पेटी, पंचवीस वर्षं बंद

आमच्या आर्काइव्हमध्ये काय नाही ते विचारा. बेंगळूरच्या एका संशोधन ग्रंथालयाचा हा तळमजला, आणि मी इथे गेली वीस वर्षं जुने कागद लावते. शास्त्रज्ञांची पत्रं, तारा, काचेवरचे फोटो, बियाण्यांची पाकिटं, भोकं पाडलेली कार्डं. एका गृहस्थांची तर कवळीसुद्धा आहे, नंबर घालून पेटीत ठेवलेली. मोठ्या माणसाची कवळी जपायची, आणि ज्यांनी त्याच्या प्रयोगाची भांडी घडवली त्यांचा कागदाचा कपटाही नाही. हे मला फार सलायचं, कारण माझे बाबा त्यांतलेच.

बाबा निपाणीकडून इकडे आले आणि हेब्बाळजवळच्या एका प्रयोगशाळेत आयुष्यभर काच फुंकत राहिले. वाकड्या नळ्या, नळीच्या पोटात नळी, काय म्हणाल ते. रोज एक पान लिहायचे. वर त्या दिवशी केलेल्या वस्तूचं चित्र आणि खाली घरचं दोन-चार ओळींत. ते गेल्यावर वह्यांची ट्रंक पलंगाखाली पडून होती. मी आईच्या मागे लागले, दे म्हणून.

"कशाला गे? हे काय सायंटिस्ट होते?" आई म्हणाली. ती धारवाडकडची, कानडी शाळेत शिकलेली. मराठी बोलायची फर्डी, पण वाचायला कधी बसली नाही.

"म्हणूनच दे," मी म्हटलं.

तिनं दिल्या. माझ्यावरच्या विश्वासानं दिल्या, दुसरं काय!

आमच्याकडे कागद देणाऱ्याकडून एक करारपत्र लिहून घेतात. खाजगी मजकूर असला की पेटी काही वर्षं बंद ठेवायची. पण त्यात एक ओळ घालायचीच, की देणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना कधीही बघता येईल. ही ओळ विसरू नका म्हणून मी किती विधवांना, किती मुलांना बजावलं असेल! आणि स्वतःच्या आईच्या करारपत्रातून ती ओळ मी माझ्या हातानं खोडली. का, तर घरचंच माणूस म्हणून सवलत घेतली असं उद्या कुणी म्हणायला नको. वह्याही मी वाचल्या नाहीत. आपल्या घरचे कागद आपण लावायचे नाहीत हा नियम, म्हणून मराठी न येणाऱ्या एका सहकारी बाईंनी पानं मोजून पेटी बंद केली. पंचवीस वर्षं. मी सही केली तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता. मोठी आली हरिश्चंद्राची लेक!

पाचेक वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. आणि एके दिवशी, मी तिला पेज भरवत होते तेव्हा, म्हणाली, "श्रावणातल्या त्या सोमवारचं पान तेवढं वाचून दाखव की गे."

कुठला सोमवार ते मला माहीत होतं. माझ्या आधीचा माझा भाऊ, सातव्या महिन्यातच झालेला, तीन दिवसांचा होऊन त्या सोमवारी गेला. अंगावर प्यायची ताकद नव्हती त्याच्यात. सकाळी बाबा दवाखान्यात डोकावून कामावर गेले. दुपारी नर्सनं फोन करून लवकर या म्हणून सांगितलं, आणि हे आले दिवेलागणीला. तोवर सगळं संपलं होतं. आईनं कधी विचारलं नाही, बाबांनी कधी सांगितलं नाही. दोघांनी पुढे चाळीस वर्षं संसार केला, मला वाढवलं, सण केले, पण ते एक कुसळ तिच्या डोळ्यात राहिलंच. बाबांचं कौतुक कुणी केलं की ती म्हणायची, "काचेपुढं लेकरू काय त्यांना." आता तिला जाण्याआधी कळायला हवं होतं, त्या दुपारी नवरा काय करत होता. एवढंच मागितलं तिनं माझ्याकडे, जन्मात पहिल्यांदा.

मी रीतसर अर्ज केला. साहेब म्हणाले, समितीपुढे ठेवू. समिती भरली नाही. पुन्हा ठरली, पुन्हा पुढे गेली. मी घरी आले की आई दाराकडे बघायची आणि म्हणायची, "सापडलं काय?" मी म्हणायची, "स्वल्प थांब, आई." आठ महिने असे गेले. आणि बंद पेट्यांच्या खोलीची किल्ली आठही महिने माझ्या पर्समध्ये होती. डब्याशेजारी. पेटी कुठल्या फळीवर आहे ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. कुणी बघितलं असतं? कुणी काय केलं असतं? पण नाही. नियम म्हणजे नियम.

आई माघात गेली. शेवटचे दोन दिवस तिनं काही विचारलं नाही.

दिवसकार्य आटपून मी कामावर रुजू झाले, तर वर दालनात प्रदर्शन मांडलेलं. आमच्या खजिन्यातलं निवडक. व्हाइटफील्डहून आलेल्या डिझाइनवाल्यांनी पेट्या उघडून दिसायला छान ते ते उचललं होतं. कवळी होती, बियाण्यांची पाकिटं होती. आणि तिसऱ्या काचेखाली बाबांचं अक्षर.

मी साहेबांच्या खोलीत गेले. माझा आवाज चढला होता, त्याची लाज वाटत नाही. "ती पेटी बंद आहे. माझ्या आईला मिळाली नाही ती!"

"अहो मॅडम, नुसतं चित्र आहे ते," साहेब म्हणाले. "पर्सनल कुठे काय आहे त्यात? आणि बरं झालं आलात. तुम्हाला मराठी येतं ना? लेबल अर्धवट राहिलंय, एक ओळ देऊन टाका."

मी परत काचेपाशी गेले. लेबल इंग्रजीत आणि कानडीत होतं: काचेचा लहान ड्रॉपर, उपयोग अज्ञात. चित्रात करंगळीएवढी नळी, तोंड गोल केलेलं. खाली चार ओळी होत्या. तारीख नव्हती, नुसतं श्रावण सोमवार.

"दवाखान्यातल्या ड्रॉपरचं तोंड बाळाला मोठं होतं. सकाळपासून बारीक करायला बसलो. दोन तडकले. तिसरा जमला तेव्हा फोन आला, पण काच हळू निवू द्यावी लागते, नाहीतर बाळाच्या तोंडात फुटायची. निवेपर्यंत थांबलो. पोचलो तर उपयोग राहिला नव्हता. खिशातच ठेवला, तिला दाखवला नाही."

संध्याकाळी साहेबांनी निरोप पाठवला, लेबलाचं काय झालं म्हणून. काही सुचत नाही, असं मी कळवलं. ज्या बाईला त्या चार ओळी वाचून दाखवायच्या होत्या ती आठ महिने वाट बघून गेली, आणि तिच्या लेकीजवळ किल्ली होती.