इराकत कुठल्या तालुक्यात?

मानवतला आले तेव्हा इथली अर्धी भाषा मला कळत नव्हती, आणि जी कळायची तिची भीती वाटायची. आमचं गाव खाडीच्या काठी. तिथं शाळा सातवीपर्यंत, म्हणून मीही सातवीपर्यंत. लग्न झालं आणि नवऱ्यामागून इकडं आले. तो कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. दारात उभं राहून पाहिलं तर चहूकडं काळी सपाट जमीन. डोंगर नाही की होडी नाही. शेजारीण म्हणाली, "कामून रडायलीस बाई?" कामून म्हणजे का, हे कळेपर्यंत माझं रडणं थांबलं होतं.

गल्लीच्या टोकाला एका डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथल्या सिस्टरनं मला कामाला लावलं. ती गावातल्याच बौद्ध घरातली, नर्सिंग शिकून आलेली, माझ्याहून थोडी मोठी. तिनं माझं शिक्षण विचारलं नाही. हात पुढं कर म्हणाली, नखं पाहिली, आणि उद्यापासून ये म्हणाली. पुढं माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, त्याची सुरुवात त्या नखांपासून झाली असं मी मानते. दवाखान्यातल्या आयाला सगळे मावशी म्हणतात, त्यामुळं विशीतच मी पिकल्या केसांच्या माणसांचीसुद्धा मावशी झाले.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. कधी बंद पुकारला जाईल आणि कधी एस.टी. जागच्या जागी थांबेल याचा नेम नसायचा. अशातच एका हिवाळ्यात आमच्या डॉक्टरांनी शाळेत मोतीबिंदूचं शिबिर भरवलं. ऑपरेशनं करायला बाहेरून डोळ्यांचे डॉक्टर आले, आणि ऑपरेशनं उरकून गेले. मागची राखण आमच्याकडं. बाक बाहेर काढून वर्गात गाद्या टाकल्या होत्या. मधे दोरीवर चादरी. अलीकडं बाया, पलीकडं बाप्ये.

आता मोतीबिंदू काढून माणूस चालत घरी जातो. तेव्हा तसं नव्हतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आणि उताणं पडून राहायचं. उठायचं नाही, वाकायचं नाही, जोर करायचा नाही. टाका तुटला की डोळा गेला. डॉक्टरांनी मला बजावून ठेवलं होतं, "मावशी, कुणी ऐकत नसेल तर तू समजूत काढत बसू नकोस. लगेच मला सांग." मला तर आधीच घाबरायची सवय. दिवसभर मी गाद्यांमधून फिरायचे आणि कुणाची मान हलली तरी तिथं धावायचे.

भिंतीकडेच्या गादीवर देवगाव फाट्याकडची एक आजी होती. तिचा एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला. ऑपरेशन झालं ते उरलेल्या डोळ्याचं. तिची सून संध्याकाळी घरी गेली, म्हशीचं आणि लेकरांचं बघून सकाळच्या पहिल्या गाडीनं येते म्हणाली. आणि सकाळी बंद. एकही गाडी नाही.

सिस्टर त्या दिवशी मागच्या बोळातून, पदर ओढून आली. आल्याआल्या तिनं आजीच्या तोंडाशी पाण्याचा पेला नेला. आजी म्हणाली, "नको."

सिस्टरचा चेहरा उतरला. भरती व्हायच्या दिवशी आजीनं तिला "कोणाची गं तू?" असं विचारलं होतं, आणि सिस्टरनं आपली गल्ली सांगितल्यावर आजी नुसतं "बरं" म्हणाली होती. त्या दिवसांत असलं 'बरं' माणूस घरी नेऊन त्याचा अर्थ लावत बसायचा.

"माझ्या हातचं नको असेल तिला," सिस्टर मला कोपऱ्यात म्हणाली. "तू पाज. पाणी पोटात गेलं पाहिजे. बाकी माझं मी बघते."

मी पेला घेऊन गेले.

"नको माय. तहान न्हाई."

ओठ तर सुकून पांढरे झालेले. मी परत येऊन सांगितलं, "माझ्याही हातचं नको म्हणते." पेशंट पाणी पीत नाही हे ऐकून एवढा आनंद झालेली नर्स मी पुन्हा पाहिली नाही. पण तो आनंद क्षणभरच टिकला. आता खरं कारण शोधायचं होतं.

दुपारी भाकरी भरवायला बसले, तर आजीनं माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "माय, मला इराकतीला जायचंय."

मी तेव्हा आसपासच्या गावांची नावं पाठ करत होते. पूर्णा, सेलू, पाथरी. इराकत कधी ऐकलं नव्हतं. तरी समजुतीच्या सुरात म्हटलं, "आज बंद आहे ना आजी. गाड्या सुरू झाल्या की सुनेबरोबर जा. इराकत कुठल्या तालुक्यात आलं?"

शेजारच्या गादीवरची बाई खुसखुसली, तिच्या पलीकडची फुटली, आणि बघता बघता सगळी ओळ हसायला लागली.

"हसू नका गं, टाके!" मी ओरडले. त्यावर अजूनच हसल्या.

"अगं येडे, इराकत म्हंजी लघवी!" शेजारची म्हणाली. "तालुका इचारायलीय!"

आजी मात्र हसत नव्हती. कोपरावर भार देऊन ती उठायला लागली होती. मी तिचे दोन्ही खांदे धरून तिला खाली टेकवलं.

"पॅन आणते आजी. झोपल्या झोपल्या होतं."

"पल्याड इवाई हायेत."

तिचे व्याही! तिची लेक ज्यांच्या घरात दिलेली, ते पाटील चादरीच्या पलीकडच्याच गादीवर होते. त्यांचंही ऑपरेशन त्याच दिवशी झालं होतं.

"त्यांच्या डोळ्यांवर पट्टी आहे हो."

"कानावर हाय का?"

सकाळपासून ती पाण्याला का शिवत नव्हती ते आता कळलं. प्यायचंच नाही, म्हणजे जायला नको. सून आली की तिला धरून बाहेर आडोशाला जायचं, असं तिनं मनाशी ठरवून ठेवलेलं.

"डाक्टरला सांगू नको माय," ती म्हणाली. "नळी घालत्यात म्हणं. नळी घातली तर मी उठून पळंन बघ. घे माझी शपथ."

माझे हात अजून तिच्या खांद्यांवर होते. डॉक्टरांना सांगावं तर नळी येणार, आणि ही झटापट करणार. न सांगावं आणि मी पाठ फिरवताच ही उठली तर हिचा एकुलता एक डोळा माझ्यामुळं जाणार. मी शपथ घेतली नाही. म्हटलं, "सिस्टरला सांगते. तिच्यापासून मी काही लपवत नाही. पुढचं ती ठरवेल. तोवर उठलात तर बघा." आजी म्हणाली, "तिला सांग. ती बाईच हाय."

सिस्टरनं ऐकून घेतलं. "नळी शेवटी आहेच," ती म्हणाली. "डोळा डॉक्टरांनी सांभाळला. लाज आपण सांभाळायची. जुनं धोतर आण."

धोतराची चार पदरी घडी तिनं पॅनमध्ये अंथरली, म्हणजे आवाज नको. दोन लुगड्यांचा आडोसा केला. मी आजीच्या कमरेखाली हात घालून पॅन सरकवला. आम्ही वाट पाहिली. काही नाही. पलीकडं कुणीतरी खाकरलं.

"लय सामसूम हाय गं," आजी रडकुंडीला येऊन म्हणाली. "व्हईना."

सिस्टर शेजारच्या गादीवरच्या बाईकडं वाकली. "जात्यावर काय म्हणता तुमी घरी?"

त्या बाईला फार सांगावं लागलं नाही. पट्टीखालून, मान न हलवता, तिनं सूर लावला:

"मानवतच्या साळंत डोळ्याची भरली जत्रा
पट्टी सुटू दे बाई, नातू बघीन गोजिरा..."

दुसरीनं धरलं, मग तिसरीनं. सगळ्या उताण्या, हात पोटावर, आणि छताकडं तोंड करून ओव्या. लुगड्याच्या आडोशात मी आजीचा हात धरून बसले होते. तिसऱ्या ओवीला तिच्या बोटांची पकड सैल झाली.

"झालं?" मी कानात विचारलं.

"पाणी आन माय," ती म्हणाली.

पेला सिस्टरनंच धरला. आजी घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "आजून घाल." सिस्टरनं घातलं.

त्यानंतर वर्गात तशी रीतच पडली. कुणाला पॅन लागला की ती शेजारणीला कोपरानं ढोसायची, आणि ओवी सुरू. संध्याकाळी डॉक्टर आले ते ऐन भरात. दारातच थबकले. "हे काय चाललंय?"

मी सिस्टरच्या मागं सरकले. सिस्टर मात्र शांतपणे म्हणाली, "सर, ओव्या म्हटल्या की पाणी पितात." डॉक्टरांची नजर लुगड्याच्या आडोशाकडं गेली. ते मागं फिरले. जाताजाता म्हणाले, "मान हलवू नका म्हणजे झालं."

पट्ट्या सुटायच्या दिवशी सगळ्यांना ओळीनं व्हरांड्यात बसवलं. सूनही आली होती. आजीची पट्टी निघाली तेव्हा मी खांबाला धरून उभी होते. डॉक्टरांनी बोटं धरली. आजी पापण्या मिचकावत राहिली. मग म्हणाली, "दोन. आन ती कोण, लाल लुगडं नेसून दात काढायलीय? माझी सून व्हय?"

पलीकडच्या बाकावरून पाटलांनी घसा साफ केला. "ईनबाई, तुमच्या वव्या लय बेस हो."

आजीनं झटकन पदर पुढं ओढला.

"तुमी सुरू केल्या की आमी बी भांडं मागवायचो," पाटील म्हणाले. "तुमचे बी कान हुतेच की पल्याड. पैल्या दिशी तर आमी बी पाणी पेलो न्हवतो."

व्हरांडाभर हसू पसरलं. ह्या वेळी मी कुणाला अडवलं नाही. आजीचा चेहरा पदराआड होता, पण खांदे हलत होते.

निघताना तिनं मला जवळ बोलावून डोळा बारीक करून न्याहाळलं. "तूच का ती तालुका इचारणारी? आवाजावरून थोराड वाटली हुतीस." मग सिस्टरलाही तसंच निरखून पाहिलं आणि तिच्या गालावरून बोटं उतरवून कानशिलावर मोडली.

पुढं दोन वर्षांनी पहिल्यांदा माहेरी गेले. एस.टी.तून उतरले ती कळ दाबूनच, आणि घरात पाऊल टाकताच आईला म्हणाले, "थांब, आधी इराकतीला जाऊन येते."

आई माझ्याकडं बघतच राहिली. "आत्ताच तर आलीस. कुठं आलं गं ते?"

"मानवतजवळ," मी म्हटलं, आणि हसतहसत मागच्या दाराकडं पळाले.