मामांची पाचवी मिती

कणांना जडपणा येतो कुठून, या काळजीने जेवण विसरणारा माणूस साऱ्या तापीकाठाने एकच पाहिला. ते माझे मामा. मूळचे कोरीटचे, शहाद्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत. कॉलेजात असताना त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की जगाला एक पाचवी मिती असू शकते, आणि ती इतकी बारीक गुंडाळलेली की कुणाला दिसत नाही. तेव्हापासून ते तिच्यातच राहायला गेले. एस.टी.त शेजाऱ्याच्या उपरण्याचा दोरा बिनदिक्कत ओढून ते समजावत, “दुरून ही नुसती रेघ. पण रेघेभोवती फिरायला जागा असते, पीळ तिथेच बसतो. कणही तसाच त्या न दिसणाऱ्या वेटोळ्यात गरगर फिरतो. फिरणं आपल्याला दिसत नाही, तो फक्त जड लागतो. प्रकाश तिथे फिरतच नाही, म्हणून बिनवजनाचा पळतो.” शाळेतला सूतकताईचा तास त्यांनी मागून घेतला तो यासाठीच. हेडमास्तर वैतागून म्हणाले, “सर, तुमच्या तासाला सूत सोडून सगळं निघतं.” घरी आले की माझी आई ताट सरकवायची. “भाऊ, पह्यले जेयी ले, मंग दुन्याले पीळ दे.”

मी पुण्याला पदार्थविज्ञान शिकायला गेलो, तेव्हा मामांनी आपली वही माझ्या हातात दिली. त्या वेटोळ्यातून इलेक्ट्रॉनचं वस्तुमान काढायचं, एवढीच त्यांची आयुष्याची इच्छा होती. मी ते गणित महिनाभर तपासलं. वेटोळं जितकं लहान, तितका कण जड. त्या हिशेबाने इलेक्ट्रॉन धुळीच्या कणाएवढा, म्हणजे खऱ्याहून कितीतरी पट जड भरत होता. सुट्टीत आलो तर ते दारातच उभे.

“खरं सांग, हिसाब बराबर शे का?”

मी खरं सांगितलं. त्यांनी वही मागून घेतली आणि मिटली. मग म्हणाले, “पोरेस्ले मी चुकीचं सांगेल शे. त्यास्ले सांगनं पडी.”

आणि खरोखर निघाले. दर रविवारी एस.टी.ने एकेका जुन्या विद्यार्थ्याच्या गावी जाऊन शिकवलेलं परत घ्यायचं. एकदा मी सोबत होतो. केळीला पाणी देणारा एकजण ओशाळून म्हणाला, “सर, मी ते कव्हयनं इसरी गऊ.”

“आते याद कर, आनि मंग इसर,” मामा म्हणाले, आणि बांधावर बसून त्यांनी सारं पहिल्यापासून समजावलं, चुकीसकट.

त्या हिवाळ्यात मामा गेले. अक्कलकुव्याकडच्या काही विद्यार्थ्यांकडे जायचं राहून गेलं होतं. दहावं-तेरावं उरकल्यावर मी तिकडे गेलो. त्यातला एकजण, आता स्वतःच मास्तर झालेला, म्हणाला, “चूक मागून सांगा. आधी सरांचं म्हणणं सांगा.” मी सांगू लागलो. सांगता सांगता ते इतकं खरं वाटत गेलं की चुकीपर्यंत पोचायला मी जमेल तेवढा उशीर केला.